स्टोनफ्लायची ड्राय फ्लाय बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात ओरेगनमधल्या डेशूट्स नदीवरून मी मासेमारीचे फोटो पाठवले, की पुण्या-ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या मंडळींचे तेच ते प्रश्न येतात. दर वेळी वेगळं उत्तर टंकण्यापेक्षा एकदाच बसून लिहून काढलं. क्रम साधारण सोप्याकडून अवघडाकडे आहे. सलग वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, आणि उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिसला तर तिकडे डोकवा.

१. ड्राय फ्लाय म्हणजे काय? गळाला खरी माशी लावतात का?

नाही. गळाच्या दांड्यावर दोऱ्याने केस, पिसं, लोकर किंवा फोम बांधून केलेली किड्याची नक्कल म्हणजे फ्लाय. पाण्यावर तरंगते ती ड्राय. पाण्याखाली चालते ती वेट किंवा निम्फ. फ्लायला स्वतःचं वजन जवळपास नसतं. वजन असतं ते जाड फ्लाय लाइनला, आणि लाइन हवेत उलगडताना फ्लायला सोबत घेऊन जाते. ‘बांधणं’ हा शब्द अगदी अक्षरशः घ्या. डिंक, लाख वगैरे शेवटचा हात; फ्लाय उभी असते ती दोऱ्याच्या ताणावर.

२. स्टोनफ्लाय नेमकी कशी दिसते? मराठीत तिला काय म्हणतात?

रुळलेलं मराठी नाव माझ्या कानावर आलेलं नाही. ‘दगडमाशी’ म्हणायला हरकत नाही, पण ती माशी नव्हे. माशीला दोन पंख असतात, हिला चार. प्लेकोप्टेरा हा तिचा गण, आणि जगभरात त्यात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत.

नदीकाठच्या मेफ्लाय आणि कॅडिस या दुसऱ्या किड्यांपासून ती वेगळी ओळखायची खूण सोपी आहे. बसलेली मेफ्लाय पंख शिडासारखे उभे धरते. कॅडिसचे पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरतात. स्टोनफ्लाय मात्र पंखांची घडी घालून ते पाठीवर सपाट ठेवते, आणि मागे दोन शेपट्या असतात. आपल्या सह्याद्रीतही निओपर्ला या प्रजातीतल्या जाती आहेत. घाटातल्या स्वच्छ, बारमाही ओढ्यातला दगड उलटा करा; दोन शेपट्यांचा चपटा किडा सरपटताना दिसला तर बहुतेक तीच. दगड मात्र होता तसा परत ठेवा.

३. बाकीच्या ड्राय फ्लायपेक्षा हिची बांधणी वेगळी का?

कारण हिचा जन्म वेगळ्या जागी होतो. मेफ्लाय आणि बहुतेक कॅडिस पाण्याच्या पृष्ठभागावरच कात टाकून उडतात. स्टोनफ्लायचा निम्फ, म्हणजे पंख फुटण्याआधीचं पिल्लू, तळाशी वाढतो. सॅमनफ्लाय या सगळ्यात दांडग्या जातीचा निम्फ तर तीन ते चार वर्षं तिथेच असतो. वेळ झाली की तो चालत काठावर येतो, खडकावर नाहीतर झाडाच्या खोडावर चढतो आणि तिथे कात टाकतो. म्हणजे पंख फुटलेली स्टोनफ्लाय पाण्यावर येते ती दोनच कारणांनी: काठावरच्या फांदीवरून धप्पकन पडते, किंवा मादी अंडी टाकायला उतरते.

यातून बांधणीचे दोन नियम निघतात. एक, फ्लाय पाण्यात रुतून बसायला हवी. टोकांवर नाजूक उभी राहणारी नको. दोन, माशाला दिसतं ते तिचं पोट. आपण व्हाइससमोर (गळ धरायचा छोटा शिकंजा) बसून पाठ बघत असतो आणि तिच्यावरच मेहनत घेतो. बांधून झालेली फ्लाय काचेच्या ग्लासात पाण्यावर सोडा आणि खालून बघा. माझं निम्मं शिक्षण त्या ग्लासाने केलं.

४. कोणत्या जातीसाठी कोणत्या नंबरचा गळ?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्यांचं सांगतो, कारण या फ्लायचं माहेर तिथे आहे.

वर्षाची सुरुवात होते ती बारीक काळ्या स्टोनफ्लायने. ती हिवाळ्याच्या शेवटी चक्क बर्फावर चालताना दिसते: १६ ते १८ नंबर. मार्च-एप्रिलमध्ये मोंटानाच्या बिटररूट नदीवर स्क्वाला: ८ ते १०. मग येते सॅमनफ्लाय, जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब, पोट नारिंगी: ४ ते ६. डेशूट्सवर ती मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत असते, मोंटानातल्या मॅडिसनवर जूनच्या उत्तरार्धात. तिच्या मागोमाग गोल्डन स्टोन: ६ ते ८. भर उन्हाळ्यात पिवळी, नाजूक यलो सॅली: १४ ते १६.

एकाच नंबरचे गळ विकत घ्यायचे असतील तर ८ घ्या.

५. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे काय गौडबंगाल? आणि ‘३एक्सएल’ म्हणजे?

सुयांच्या नंबरासारखंच समजा. आकडा मोठा, तशी सुई बारीक. ‘३एक्सएल’ म्हणजे दांडा नेहमीपेक्षा लांब: तोंड (टोक आणि दांडा यांतलं अंतर) ८ नंबरचं, पण दांडा तीन आकार मोठ्या गळाचा. स्टोनफ्लायचं अंग लांबट असल्यामुळे असेच गळ लागतात, आणि दांडा किंचित वाकडा असेल तर पोटाचा बाक आपोआप येतो. तार मात्र बारीक हवी. निम्फचे जाड तारेचे गळ ड्रायला वापरले तर ती बुडणारच.

गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपायचा तो बांधण्याआधी. चेपताना कधी कधी टोक मोडतं. अर्धा तास खपून बांधलेल्या फ्लायचं मोडलं की जीव हळहळतो.

६. सुरुवातीला काय काय घ्यावं? भारतात काय मिळेल?

अवजारं चार: व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरायचं बॉबिन, अणकुचीदार कात्री आणि केसांची टोकं जुळवायचं स्टॅकर. स्टॅकरऐवजी एका बाजूने बंद असलेली धातूची छोटी नळी चालते. केस टोकांकडून आत टाकायचे आणि टेबलावर टकटक आपटायचं. दोरा मोठ्या फ्लायला १४० डेनियर, लहानांना ७०. शिवणाचा सुती दोरा वापरू नका. तो जाड असतो, पाणी पितो आणि ताण दिला की तुटतो.

दोन मिलिमीटरचा फोम शाळेच्या हस्तकलेचाच असतो. पुण्यात बोहरी आळीत किंवा कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पॉलिप्रॉपिलिनची लोकर, रबराचे बारीक धागे, सुपरग्लू हेही इथलंच. कोंबड्याच्या मानेची पिसं म्हणजे हॅकल. भारतातून कोंबड्याच्या मानांची कातडी या कामासाठी पूर्वापार परदेशी जात आली आहे, तेव्हा इथल्या पिसांना नाक मुरडायचं कारण नाही. अमेरिकेत खास पैदाशीच्या कोंबड्यांचं पीस लांब आणि एकसारखं असतं, एवढाच फरक. आपलं पीस आखूड पडतं, म्हणून एकाऐवजी दोन गुंडाळा.

७. पंखाला लागणारे एल्कचे, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या हरणाचे, केस इथे मिळत नाहीत. ओळखीच्या घरी सांबराचं जुनं कातडं आहे, ते चालेल?

केस चालतील, कायदा चालू देणार नाही. सांबर, चितळ, भेकर हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली येतात आणि त्यांच्या कातड्या-केसांची देवघेव गुन्हा आहे. ‘आजोबांच्या काळचं आहे’ हे उत्तर फॉरेस्टवाल्यांना देऊन बघायची हौस करू नका. राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं सॅमन माशासाठीच्या जुन्या शाही फ्लायमध्ये मानाची असत. तो पक्षी आपल्याच सह्याद्रीतला, आणि त्यालाही तेच संरक्षण आहे.

बकरीचे किंवा घोड्याचे केस लावून बघितले असं बरेच जण लिहितात. ते भरीव असतात. एल्कच्या अंगावरचे केस आतून पोकळ कप्प्यांचे असतात. म्हणून ते दाबले की फुलतात आणि हवा धरून तरंगतात. त्या जागी पॉलिप्रॉपिलिनची लोकर लावा, किंवा सरळ फोमच्या वाटेला जा (प्रश्न १२). परदेशातून केस मागवायचे असतील तर सीमाशुल्काचे नियम आधी बघा आणि पाकिटावर खरं काय ते लिहायला सांगा.

८. पहिली कोणती बांधू?

स्टिम्युलेटर. अवघड आहे, पण त्यात शेपटी, अंग, पंख, हॅकल असं सगळं एकदम शिकून होतं.

त्याआधीची पिढी सोफा पिलोची. १९४० च्या दशकात वेस्ट यलोस्टोनच्या पॅट बार्न्स यांनी ती बांधली. फ्लाय एवढी लठ्ठ की कुणीतरी ‘ही तर सोफ्यावरची उशी’ म्हणालं आणि तेच नाव चिकटलं, असं सांगतात. स्टिम्युलेटर घरोघरी पोचवला तो ओरेगनच्या रँडल कॉफमन यांनी, १९८० च्या दशकात. तो मुळात कुणाचा, यावर फ्लाय बांधणारे अजून भांडतात. मिसळ कुणाची खरी, यावर चालतं तसंच ते.

९. स्टिम्युलेटर कसा बांधायचा, पायरीपायरीने सांगाल का?

८ नंबरचा, लांब दांड्याचा गळ व्हाइसमध्ये धरा. दोरा भडक नारिंगी. नेढ्यापासून दांड्याच्या एक तृतीयांश अंतरावर दोऱ्याने खूण करा. ही रेघ ओलांडायची नाही. का, ते प्रश्न १० मध्ये.

दोरा मागे बाकापर्यंत न्या. एल्कच्या केसांची छोटी जुडी शेपटीसाठी बांधा. लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीएवढी. केसांची उरलेली बुडं कापून टाकू नका. ती दांड्यावरच रेघेपर्यंत दोऱ्याने आवळत आणा, म्हणजे अंगाला खाली सपाट बैठक मिळते आणि फ्लाय तरंगायलाही मदत होते. बारीक सोनेरी तार मागच्या टोकाला बांधून लोंबती ठेवा.

आता डबिंग, म्हणजे दोऱ्यावर पिळायची लोकर. गोल्डन स्टोनसाठी पिवळी, सॅमनफ्लायसाठी नारिंगी. वातीसारखी बारीक पिळा. सगळ्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. दोऱ्यावर रुईचा बोळा चढवतात. मागून पुढे हळूहळू जाड होणारं अंग रेघेपर्यंत भरा.

रेघेशी तपकिरी हॅकल बांधा. त्याचे तंतू गळाच्या तोंडापेक्षा थोडे आखूड असावेत. पाच-सहा मोकळ्या वेढ्यांनी ते मागे शेपटीपर्यंत न्या, तिथे तारेच्या एका वेढ्याने अडकवा, आणि तार उलट दिशेने वेढे घेत पुढे आणा. अशी उलटी तार पिसाच्या काडीवर आडवी बसते, मग ट्राउट माशाच्या दातांनी हॅकल उसवत नाही.

पंखासाठी एल्कचे केस: घट्ट पिळल्यावर काडेपेटीतल्या काडीहून किंचित जाड जुडी. बुडाशी असलेली मऊ लव जुन्या टूथब्रशने विंचरून काढा, टोकं स्टॅकरमध्ये जुळवा. रेघेवर पंख बांधा. टोकं शेपटीच्या निम्म्यापर्यंत यावीत. पहिले दोन वेढे सैल, तिसऱ्याला करकचून खाली ओढा. बुडं तिरपी कापा.

पुढच्या एक तृतीयांशात राखी-पांढऱ्या पट्ट्यांचं दुसरं हॅकल बांधा, नारिंगी डबिंग भरा, हॅकलचे चार-पाच वेढे घ्या, डोकं करा, गाठ मारा. डोक्यावर लाखेचा थेंब. नेढं लाखेने बुजलं असेल तर तिथेच सुईने मोकळं करा. पहाटे पाचला, थंडीने बोटं आखडलेली असताना, नदीकाठी ते करायला लागलं की स्वतःलाच शिव्या बसतात.

१०. शेवटी डोक्याशी जागाच उरत नाही. प्रत्येक वेळी नेढं झाकलं जातं. काय चुकतंय?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. चूक शेवटी दिसते, पण झालेली असते फार आधी: पंख रेघेच्या पुढे सरकलेला असतो. केस बांधताना दोरा घसरतो तो नेहमी नेढ्याकडे, मागे कधीच नाही. म्हणून रेघेपासून आणखी दोन दोरे मागे पंख बांधायला सुरुवात करा. करकचून ओढल्यावर तो रेघेवर येऊन बसतो. दुसरं कारण, जुडी जाड. ती आहे त्याच्या दोन तृतीयांश करा. पंख विरळ झाला असं वाटेल, माशाला वाटणार नाही.

११. केस एक तर दांड्याभोवती फिरतात, नाहीतर झाडूसारखे फिसकारतात.

फिरतात, कारण खालचा दांडा गुळगुळीत असतो. पंखाच्या जागी आधी दोऱ्याचे पाच-सात वेढे आणि लाखेचा थेंब. शिवाय चिमूट सोडायची घाई नको. तिसरा-चौथा वेढा पडेपर्यंत केस बोटांतच राहू द्या.

फिसकारतात, कारण जागा चुकीची किंवा केस चुकीचे. प्राण्याच्या पार्श्वभागाकडचे केस जास्त पोकळ, म्हणून जास्त फुलतात. ते डोकी कातरायच्या फ्लायना ठीक. पंखाला पाठीवरचे बरे. मी एकदा ऑनलाइन ‘उत्तम पंखाचे केस’ म्हणून पाकीट मागवलं आणि आलं ते नुसतं फुलारी. ते अजून खणात पडून आहे. बांधताना करकचून घेतलेल्या वेढ्यांच्या मागे, शेपटीच्या बाजूला, आणखी दोन वेढे अंमळ सैल घेतले, की तेच केस खाली दबून नीट बसतात.

१२. फोमची स्टोनफ्लाय म्हणजे फसवणूक, असं म्हणतात. खरं का?

जुने लोक नाक मुरडतात, आणि त्यांच्याच डबीच्या खालच्या कप्प्यात चार फोमच्या निघतात. युटातल्या ग्रीन नदीवरच्या गाइडमंडळींनी चेर्नोबिल अँट आणली, आणि तिच्यापासून चबी चेर्नोबिल आली: फोमचं अंग, रबराचे पाय, पाठीवर पांढऱ्या लोकरीचे दोन झुबके.

बांधायला अर्धा वेळ लागतो. फोमची पट्टी गळाच्या तोंडाएवढी रुंद कापा. त्याहून रुंद ठेवली तर मासा तोंड लावतो पण गळ लागत नाही. दांड्यावर आधी डबिंगचं पोट, त्यावर सुपरग्लूचा थेंब, मग फोम. दोरा पिळलेला असेल तर फोम चिरतो. बॉबिन पिळाच्या उलट फिरवून दोरा चपटा करा, पहिले दोन वेढे बेताने घ्या, मग जोर लावा. पाय इंग्रजी एक्स अक्षरासारखे दोन्ही बाजूंना, आणि असावेत असं वाटतं त्यापेक्षा आखूडच.

माझं मत: वेगवान, खळाळत्या पाण्यावर फोम, संथ, काचेसारख्या पाण्यावर केस.

१३. फ्लाय पाण्यावर कलंडते किंवा दोन-चार फेकीत बुडते.

कलंडत असेल तर वरचा भार जास्त आहे: पंख किंवा पाय कमी करा. केसांच्या फ्लायला पोटाखालचे हॅकलचे तंतू सरळ कात्रीने छाटून टाका. ती खाली बसते आणि सरळही राहते. (प्रश्न ३ मधला ग्लास आठवा.)

बुडत असेल तर आधी गळाची तार बघा (प्रश्न ५). मग तरंगवायचं औषध. कोरड्या फ्लायला जेल, तेही बोटावर वितळवून अगदी थोडं. मासा लागून गेल्यावर फ्लाय चिकट होते. ती पाण्यात खळबळा, रुमालात दाबून टिपा, आणि मग सिलिकाच्या भुकटीत हलवा. ओल्या फ्लायवर जेल चोपडणं म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणं.

१४. रंग किती हुबेहूब लागतो?

पोटाचा जुळवा, बाकीचा सोडा. सॅमनफ्लाय वरून काळपट-तपकिरी दिसते, माशाला दिसतं ते नारिंगी. डेशूट्सवर एक पकडून उलटी करा (चावत नाही, अंगावर मात्र सगळीकडे चढते) आणि डबिंगची पुडी शेजारी धरा. लोकर ओली झाली की गडद होते, म्हणून कोरडी असताना एक छटा फिकट घ्या. यलो सॅलीच्या मादीच्या पोटाचं टोक लालसर असतं. तिथे लाल दोऱ्याचे चार वेढे द्या. तेवढ्याने फरक पडतो असा माझा अनुभव आहे.

१५. काही स्टोनफ्लायना पंखच नसतात म्हणे?

काही थोड्या जातींना खरंच नसतात, आणि काहींच्या नरांचे अगदी खुरटलेले असतात. स्क्वालाच्या नरांचं तसं होतं. क्लासेनिया ही उन्हाळ्यातली मोठी जातही तशीच. ती रात्री बाहेर येते, आणि तिचे नर उडण्याऐवजी काठावर आणि पाण्यावर धावतात. त्या दिवसांत उजाडता-उजाडता, काठाला लागून, पंख जवळपास नसलेली आणि पाय जास्त असलेली फोमची फ्लाय टाका. नवीन बांधायची गरज नाही. चबीचे झुबके कात्रीने निम्म्यावर आणा.

१६. एवढ्या मोठ्या फ्लायला टिपेट कोणतं?

टिपेट म्हणजे फ्लायला बांधलेला दोरीचा शेवटचा बारीक तुकडा. फ्लायच्या नंबराला ३ किंवा ४ ने भागा. ८ नंबरला साधारण २एक्स ते ३एक्स, म्हणजे ०.२३ ते ०.२० मिलिमीटर. यलो सॅलीला ४एक्स-५एक्स. बारीक टिपेटवर जड पंखाची फ्लाय भिरभिरते आणि दोरीला पीळ पडतो. टिपेट जाड करूनही पीळ पडतोच आहे असं दिसलं तर दोष टिपेटचा नाही, तिरक्या बसलेल्या पंखाचा.

१७. झाडावर शेकडो सॅमनफ्लाय लटकल्यात, तरी मासा वर येत नाही. फ्लाय चुकली का?

बहुधा जागा चुकली, नाहीतर दिवस. पाणी साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसला पोचलं की निम्फ बाहेर निघतात, आणि ही लाट रोज थोडी थोडी नदीच्या वरच्या अंगाला सरकते. जिथे किडे सगळ्यात जास्त दिसतात, तिथले मासे दोन-तीन दिवस पंगत झोडून तट्ट झालेले असतात. दोन मैल वर जा. आणि फेकायचं ते नदीच्या मध्यात नाही. अल्डरच्या फांद्यांखाली, काठापासून हातभर. खालच्या डेशूट्सवर होडीतून मासेमारीला बंदी आहे, होडी फक्त पोचण्यापुरती. त्यामुळे पाण्यात उभं राहूनच काठाशी फेकायला शिकावं लागतं. अलगद नको, थोडी ‘टप्’ पडू द्या.

१८. हिमालयात चालेल का? आणि महाराष्ट्रात?

हिमालयात चालते. ब्राउन ट्राउट काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांतून आला. स्टोनफ्लाय तिथे आधीपासून होत्या. हिमाचलात तीर्थन नदीवर १० ते १४ नंबरचा तपकिरी किंवा पिवळा स्टिम्युलेटर सोबत ठेवा. ४ नंबरचं धूड तिकडे नेऊ नका. ते अमेरिकेतल्या किड्याचं माप आहे. शिवाय स्टिम्युलेटर नाकतोडा म्हणूनही खपतो, कॅडिस म्हणूनही. मत्स्य विभागाचा परवाना लागतो. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी असते; काश्मीरचा हंगाम वेगळा, निघण्याआधी विचारून घ्या.

महाराष्ट्रात ट्राउट नाही. पाणी विशीच्या वर गेलं की तो धापा टाकायला लागतो, आणि आपल्या नद्या तर त्याहून गरम.

१९. कुरतडलेल्या, फाटक्या फ्लायचं काय करू?

आधी वापरत राहा. अर्ध हॅकल गेलेला स्टिम्युलेटर पाण्यात खाली बसतो, आणि मला त्यावर नव्यापेक्षा जास्त मासे लागलेत. पंखच गेला, की दाढीच्या पात्याने दांड्याच्या पाठीवरून, टोकाच्या उलट दिशेने चीर द्या. सगळं एका सालीसारखं निघतं. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा. रुतलं तर पुन्हा बांधा, घसरलं तर आधी कानस मारा.